कोरी पाकळी

असाकुसाच्या गल्लीतल्या घरी तोकुजी सकाळपासून लाकडी ठशांनी एकच चित्र छापत होता. चित्रात त्याचीच धाकटी बहीण, ओनुई. चहाच्या दुकानात कप भरणारी पोरगी, या वसंतात अख्ख्या एदो शहरानं डोक्यावर घेतलेली. वर चेरीची फांदी, फांदीखाली एकच पाकळी. राखाडी आभाळाच्या ठशात पाकळीपुरतं लाकूड कोरून काढलं होतं. तेवढा कागद कोरा राही, तीच पाकळी. ओनुईचा चेहराही तसाच, नुसता कोरा कागद.

"संध्याकाळपर्यंत दोनशे," मालक दारातूनच म्हणाला. "गेल्या वर्षीच्या चित्रातली ओकिनो आठवते? गळत्या पाकळीखाली बसवली, महिन्यात पोरगी वारली. मग काय खप झाला! लोकांना गळणारंच गोड लागतं, तोकुजी."

"माझी बहीण आहे ती, मालक."

"म्हणून तर तुला दिलं. जीव ओतून छापशील."

हसत गेला. तोकुजीनं दात आवळले. पोरीच्या हातचा चहा प्यायचा आणि तिचे दिवस मोजायचे, असली ही रसिक जात.

शंभरावा कागद वाळत घालताना त्याचा हात थांबला. पहिल्या कागदावर पाकळी फांदीला लागून होती. इथे ती ओनुईच्या अंबाड्याजवळ होती. कागद सरकला म्हणावं, तर बाकीची रेघ न् रेघ जागच्या जागी. त्यानं ठशावर बोट फिरवलं. खळगा फांदीखालीच होता.

मागच्या खोलीत ओनुई खोकली. सकाळी खोकत नव्हती.

एकशेसाठाव्या कागदावर पाकळी गालापासून केसभर वर होती.

"दादा, थांबलास का रे?"

"काही नाही. पडून राहा तू."

काम सोडावं, तर मालक दुसऱ्याकडून छापून घेणार. तोकुजीनं चेरीच्या लाकडाची खुंटी तासली, खळग्यात ठोकली, घासून सपाट केली.

छापलं. आभाळ सलग राखाडी. पाकळी नाही.

"घ्या! विका आता गळणारं फूल!" तो एकटाच ओरडला. उरलेले कागद त्यानं झपाट्यानं उरकले. एकावरही पाकळी नव्हती.

आतला खोकलाही थांबला होता.

तो आत गेला. ओनुई खिडकीपाशी बसली होती, दुकानात जायला तोंडाला पांढरी पूड लावून.

"दादा, गालावर काय बसलंय बघ ना. गार लागतंय. पुसलं तरी जात नाही."

तो वाकला. गाल पांढराशुभ्र. दिसत काहीच नव्हतं.

त्यानं बोट फिरवलं.

बोटाला खळग्याची कड लागली. पाकळीएवढ्या.