बाद झालेले नऊशे सात

हे सगळं २०४३ साली मिरजेत घडलं. घराघरांतली यंत्रं तेव्हा बोलायला लागली होती, तरी सरकारी अभ्यासाचे अर्ज मात्र कागदावरच भरून द्यावे लागत.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये अवधान प्रयोगशाळेनं डॉ. यशोदा बेंद्रे यांना बोलावून घेतलं. बाई मेंदुविज्ञानातून निवृत्त झालेल्या, वय एकोणसत्तर. काम म्हटलं तर एका सहीचं. एडीएचडी असलेल्या, म्हणजे लक्ष एका जागी न टिकणाऱ्या कर्मचाऱ्यांना 'अवधानपट्टा' राज्यभर सक्तीचा करायचा होता आणि त्याआधी बाहेरच्या तज्ज्ञाची संमती हवी होती.

"कपाळाला बांधायचा," संचालक डॉ. पद्माकर सोहोनी म्हणाले. "मेंदूच्या लहरी वाचतो, अंगाची हालचाल वाचतो. लक्ष कामावरून सुटलं की कानशिलाला बारीक कंप. दोन सेकंदांत माणूस ठिकाणावर."

"लक्ष सुटलंय हे त्याला कसं कळतं?"

"एडीएचडी असलेल्या चारशे बारा जणांवरून शिकलाय तो. लागलेलं लक्ष कसं दिसतं, सुटलेलं कसं दिसतं, सगळं त्यांच्याकडूनच."

"हा पट्टा रोज वापरणारं एखादं माणूस भेटवा."

हेमांगी घोरपडे वीस मिनिटं उशिरा आली. रुग्णवाहिका नियंत्रण कक्षात ती अकरा वर्षं फोन घेत होती. आरोग्य तपासणीत तिनं 'एडीएचडी आहे' असं प्रामाणिकपणे लिहिलं आणि तिच्या खात्यात पट्ट्याची चाचणी आधीच चालू असल्यानं तिला हुकूम आला: तीस दिवस पट्टा बांधा, अहवाल चांगला आला तरच नोकरी. आज एकोणतिसावा दिवस होता.

"बसा ना," बेंद्रेबाई म्हणाल्या.

"उभी राहते मॅडम. बसले की तुमचं बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटतं." ती खिडकीपर्यंत जाऊन परत आली. तेवढ्यात तिच्या कानशिलापाशी पट्टा गुरगुरला. "हे बघा. मी चालले की हा म्हणतो, लक्ष सुटलं. अहो, मी चालते म्हणून तर लक्ष लागतं! अकरा वर्षं फोन चालतच घेतले. पत्ता तळहातावर लिहायचा, शेजारच्या बबनला मोठ्यांदा वाचून दाखवायचा, मग गाडी सोडायची. आता पत्ता अर्धा ऐकला की हा चावतो. मग माझं सगळं लक्ष याच्याकडे."

"चुका किती झाल्या?"

"अकरा वर्षांत दोन गाड्या चुकीच्या जागी गेल्या. या महिन्यात पाच." तिचा आवाज खाली आला. "एका म्हाताऱ्याकडे गाडी अकरा मिनिटं उशिरा पोचली. जीव वाचला, उजवा हात कायमचा गेला. त्यांच्या सुनेनं फोनवर मला विचारलं, बाई, तुमचं लक्ष कुठं होतं?"

सोहोनी कागद चाळत म्हणाले, "एका व्यक्तीच्या अनुभवावरून निष्कर्ष काढता येत नाही. आमचे चारशे बारा जण शांत बसून काम करत होते."

"त्यांना निवडलंत कसं?" बेंद्रेबाईंनी विचारलं.

"बेचाळीस पानी अर्ज वेळेत भरून द्यायचा. तीन भेटी, प्रत्येक तीन तासांची. दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला, अर्ज हरवला किंवा चाचणी चालू असताना माणूस जागेवरून उठला, तर बाद. असे नऊशे सात बाद झाले."

हेमांगी हसायलाच लागली. "त्यात मी आहे की! पहिल्यांदा अर्ज रिक्षात राहिला. दुसऱ्यांदा उशीर झाला. तिसऱ्यांदा चुकायचंच नाही म्हणून इतकी घाई केली, की आदल्या दिवशी येऊन बसले. तुमच्या शिपायानं चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी आठवणच राहिली नाही."

"संशोधनाला शिस्त नको का?" सोहोनी म्हणाले.

बेंद्रेबाईंनी संमतीचा कागद बाजूला सारला. "सोहोनी, चष्म्याच्या चाचणीला माणसं बोलावलीत, दारावर बारीक अक्षरात सूचना लावलीत आणि ती वाचता आली त्यांनाच आत घेतलंत! चालता चालता लागलेलं लक्ष या पट्ट्यानं जन्मात पाहिलेलं नाही. त्यातून ज्यांना तुम्ही दारातून घालवलंत, त्यांच्याच कपाळाला तो बांधताय. ते अर्ज दाखवा मला."

"बाद झालेले जपून ठेवलेले नाहीत."

"मग घेतलेले दाखवा."

कपाट उघडलं. बाई प्रत्येक अर्जाचं बेचाळिसावं पान काढून बघू लागल्या. तळाशी एक रकाना होता: अर्ज कोणी भरला? पत्नी. आई. पत्नी. बहीण. पत्नी. आई. संध्याकाळपर्यंत हिशेब लागला. चारशे बारांपैकी तीनशे सत्तर पुरुष. स्वतः अर्ज भरलेले फक्त चोवीस. बाकी तीनशे अठ्ठ्याऐंशी अर्ज घरातल्या बायकांनी भरले होते. तीनही भेटींना त्यांनीच माणसाला वेळेवर आणून बसवलं होतं.

"हे कोणी वाचलं होतं?"

"तो रकाना संगणकात घेतला नव्हता," सोहोनी म्हणाले.

"तर मग तुम्ही या बायकांचं लक्ष मोजलंत. आणि ज्या बाईचा अर्ज भरायला कोणी नाही, तिची नोकरी घालवायला निघालात." बाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि सही न करता उठल्या.

पट्टा सक्तीचा झाला नाही. पण हेमांगीचा अहवाल दुसऱ्या दिवशी यंत्रानं आपणहून पाठवला आणि तिला कामावरून काढलं. परत घ्यायला सात महिने लागले. नंतरची सोळा वर्षं तिनं कक्षात फेऱ्या मारतच फोन घेतले. सोहोनी बढतीवर गेले आणि दोन वर्षांत त्यांनी शाळकरी मुलांसाठी लहान मापाचा पट्टा काढला. आपली चूक झाली असं ते कधीही म्हणाले नाहीत.

बेंद्रेबाईंनी त्या तीनशे अठ्ठ्याऐंशी बायकांना पत्रं लिहिली. प्रश्न एकच: तो अर्ज वेळेत जावा म्हणून तुम्ही काय केलंत? उत्तराला शेवटची तारीख त्यांनी मुद्दाम घातली नाही. पहिल्या आठवड्यात दोनशे नीटस उत्तरं आली. मग वर्ष उलटल्यावर दुसरी पत्रं येऊ लागली. कुठं तिकीट लावायचं राहिलेलं, कुठं एकच पत्र दोनदा. इचलकरंजीच्या एका आईनं लिहिलं होतं: 'मुलगा माझ्यावरच गेलाय. त्याच्या अर्जासाठी मी दिवसाला सहा गजर लावले, दोनदा दूध करपवलं, नवऱ्याची बोलणी खाल्ली. माझा अर्ज कोण भरणार, म्हणून मी कधी तपासून घेतलं नाही.'

अशा आया एकशे एकोणीस निघाल्या. बेंद्रेबाई एकेकीच्या घरी जाऊन त्यांना चालत्याफिरत्या तपासत राहिल्या. २०५१ साली त्या वारल्या. त्यानंतरही त्यांच्या पत्त्यावर तीन उत्तरं आली.