कोऱ्या नमुन्याचा रंग

लॅबमध्ये मला सगळे ‘कोरी पाटी’ म्हणून चिडवतात. साथ येण्याच्या वर्षभर आधी मी नोकरीला लागले, तेव्हाच माझं रक्त काढून पन्नास कुप्यांत गोठवून ठेवलं. आमच्याकडची पद्धतच ती. आजारातून उठून प्लाझ्मा द्यायला आलेल्यांचे नमुने प्लेटच्या खळग्यांत घालायचे आणि शेवटच्या खळग्यात माझा, आजार न पाहिलेला. अँटीबॉडी जितक्या जास्त, तितका रंग गर्द पिवळा. माझा खळगा कायम पाण्यासारखा. दोन वर्षांत त्यात कधी फरक पडला नाही.

त्या सकाळी माझा जीव टांगणीला लागला होता. धाकटा भाऊ वरच्या मजल्यावर ऑक्सिजनवर होता, बोलणंही बंद झालेलं. त्याला भरपूर अँटीबॉडी असलेला प्लाझ्मा आजच हवा होता. दाते आले होते अकरा.

प्लेट काढली. अकराही खळगे फिके. शेवटचा, माझा, हळदीसारखा पिवळा.

“हात थरथरला असेल तुझा,” साहेब म्हणाले.

“थरथरायला मी काय काल नोकरीला लागलेय?” मी फणकारले. तरी परत लावली. दुसरी कुपी, तिसरी कुपी. शंभरपट पातळ केलं, हजारपट केलं, रंग हटेना. दंडातून ताजं रक्त काढलं, तेही तसंच! मला तो आजार कधी झालाच नव्हता. आणि कुप्यांतलं रक्त तर साथीपेक्षा जुनं.

साहेबांनी चष्मा दोनदा पुसला.

“भावाशी गट जुळतो?”

“जुळतो.”

“मग डोकं नंतर खाजव. आधी प्लाझ्मा दे.”

अकरा वाजता माझ्या प्लाझ्माची पिशवी वर गेली.

दुपारी राहवेना म्हणून चौथी कुपी लावली. पाण्यासारखी.

सकाळच्या कुप्यांत थेंबभर उरलं होतं, ते लावलं. पाण्यासारखं.

सकाळची प्लेट टेबलावरच होती. मी ती उजेडात धरली. हळदीसारखा खळगा स्वच्छ झाला होता.

“साहेब!” मी हाक मारली.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटा! सहा दिवसांनी त्याचा आवाज, अगदी खणखणीत. मला रडूच कोसळलं.

“ताई, भूक लागलीय गं,” तो म्हणाला. “आणि तू आधी डॉक्टरांना दाखव. सकाळपासून खोकतेयस, इथं वर ऐकू येतंय.”

मी तोवर एकदाही खोकले नव्हते.