पाठमोरीची खुर्ची

दुपारच्या गिऱ्हाइकाचे केस वाळवून झाले तशी काकूंनी पार्लरचं शटर खाली ओढलं, पिशवीत सवयीने कंगवा टाकला आणि मागच्या खोलीत पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याला सांगितलं, "जाऊन येते. पाठमोरीला बघायला."

"टीव्हीवर बघतेस ते पुरत नाही होय?" नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला. "बरं, निघालीच आहेस तर विचार तिला, केसांना काय लावते. इतकी वर्षं झाली, बाईचा एक केस गळला नाही."

काकू हसल्या नाहीत. नवऱ्याने पेपर खाली केला. "भांडू नकोस गं," तो हळूच म्हणाला.

"बघू."

'पाठमोरी' ही मालिका वीसेक वर्षं चालली होती. दर भागात घर वेगळं, माणसं वेगळी, शेवट मात्र ठरलेला. रिकामी खोली, मधोमध लाकडी फिरती खुर्ची आणि तिच्यात आपल्याकडे पाठ करून केस विंचरत बसलेली बाई. कॅमेरा वरून तिच्या डोक्यावर हळूहळू उतरायचा. ती कधीच वळायची नाही. लोक उशी तोंडावर धरून बघायचे. काकू मात्र त्या वेळी खुर्ची आणखी पुढे ओढायच्या. मालिकेसाठी त्या पार्लर लवकर बंद करत. एकदा तर सख्ख्या पुतणीच्या लग्नातून जेवण सोडून उठून आल्या होत्या. वेडी आहे बाई, असं सगळे म्हणत.

खरं कारण फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. मालिका सुरू झाली तेव्हा त्या खुर्चीत काकूंची थोरली बहीण बसायची. अक्का. काम काय, तर लांब केस सोडून पाठ करून बसायचं. एका दुपारी, शॉट चालू असताना, वरचा दिवा निसटून अक्काच्या डोक्यावर आला. ती जागीच गेली.

कंपनीने हात झटकले. "आमच्याकडे अशी कुणी कामाला नव्हती. बाहेरची बाई होती, बघायला आली असेल." शेवटच्या नावांच्या पट्टीत चहावाल्याचं नाव होतं, पडदे भाड्याने देणाऱ्याचं होतं, अक्काचं नव्हतं. आणि त्याच आठवड्यात त्या निर्लज्जांनी अक्काचा तोच शॉट दाखवला. दिवा पडायच्या जरा आधी कापून.

ज्यांनी बहिणीला गिळलं त्यांच्याच मालिकेपुढे काकू दर आठवड्याला बसायच्या, कारण अक्का दुसरीकडे कुठे दिसतच नव्हती. जुनाच शॉट पुन्हा पुन्हा लावतात, असं त्यांनी धरून चाललं होतं. मग एके वर्षी त्यांना भांगात एक पांढरा केस दिसला. पुढे चार दिसले. डोक्यावर अक्कासारखेच दोन भोवरे, कंगवा अक्कासारखाच डाव्या हातात, आणि भांग मुळापासून पांढरा होत चाललेला. आयुष्यभर लोकांची डोकी हाताळलेल्या बाईचे डोळे इथे फसणार नव्हते. जुना शॉट म्हातारा होत नाही. टोपाचे केस मुळाशी पिकत नाहीत.

आता मालिका संपणार होती. शेवटच्या भागात पाठमोरी वळणार आणि तिथे एका गाजलेल्या नटीचा चेहरा दिसणार, असा सगळीकडे गाजावाजा होता. सगळ्यात निष्ठावान प्रेक्षक म्हणून काकूंना चित्रीकरण बघायचं आमंत्रण आलं होतं. त्या निघाल्या होत्या एकच गोष्ट मागायला. पट्टीत अक्काचं नाव.

स्टुडिओचं जाड दार मागे बंद झालं आणि बाहेरची टळटळीत दुपार पुसल्यासारखी नाहीशी झाली. आत जुन्या सतरंजीचा आणि दिव्यांवर जळणाऱ्या धुळीचा वास होता.

"या, या काकू! तुमच्यासारख्यांच्या जिवावर आम्ही जगतो," निर्माता हात पसरून म्हणाला.

"जिवावर जगता, ते माहीत आहे," काकू म्हणाल्या, आणि अक्काचं नाव सांगून मागणं मांडलं.

त्याचं हसू ओसरलं. "ते... फार जुनं प्रकरण आहे हो. ती बाहेरची बाई होती, असं वकिलांनी तेव्हाच..."

"बाहेरची? मग तिचा शॉट आतला कसा?"

"काकू, बसा, थंड काहीतरी घ्या."

"मला थंड करू नका. आत्तापर्यंत या खुर्चीत कोण बसत होतं, तेवढं सांगा."

"कुणीच नाही हो! टोप आहे. खुर्चीवर दांडा ठोकून त्यावर टोप, आणि कंगवा फिरवायला यंत्राचा हात. हे मेकअपदादा लावतात."

कोपऱ्यात ब्रश पुसणाऱ्या म्हाताऱ्या मेकअपदादांचा हात थांबला. "सर... टोप केव्हाच उंदरांनी कुरतडला. मला वाटलं, तुम्ही कुणाला तरी पाठवता."

"मी? मला वाटलं, तुम्ही बसवता..."



अपघातानंतर इथे एक रिवाज पडला होता. पाठमोरीचा शॉट लागला की सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. कॅमेरा यंत्राच्या हातावर आपोआप खाली यायचा. 'आमच्या माणसांनीही तिला पाहिलेलं नाही,' अशी जाहिरात त्यातून झाली. खरं म्हणजे त्या खुर्चीकडे बघायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे इतक्या वर्षांत तिथे कोण बसतं, हे एकानेही पाहिलं नव्हतं.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एक बाई वर्षानुवर्षं तुमच्याकडे कामाला येते आणि ती कोण, हे बघायला एकाचीही मान वळली नाही? लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

तेवढ्यात सेटच्या अंधारातून आवाज आला. केसांतून कंगवा फिरल्याचा. सरर... सरर...

नटी तर अजून आलीच नव्हती.

हुकूम कुणीच दिला नाही, तरी सगळे सवयीने भिंतीकडे वळले. निर्माताही. काकू तेवढ्या पुढे गेल्या. जळक्या केसांचा वास येत होता. खुर्चीच्या पाठीवरून पांढरे केस खाली सुटले होते आणि डोक्यावर दोन भोवरे होते.

"अक्का..."

डावा हात खांद्यावरून मागे आला. हातात कंगवा होता. लहानपणी अक्का अशीच कंगवा मागे द्यायची, न बोलता... विंचर म्हणून. काकूंनी तो घेतला. बर्फासारखा गार होता. त्या विंचरू लागल्या. कंगवा एका जागी अडकला, जिथे डोकं आत गेलं होतं, तिथे. काकूंनी ती जागा सांभाळून सोडली.

"अक्का, घरी चल..."

डोकं हळूच हललं. नाही. मग डावा हात उठला आणि भिंतीशी उभ्या निर्मात्याच्या दिशेने बोट स्थिर झालं.

"नाव लावणार की नाही?" काकू ओरडल्या.

"लावतो... आईशप्पथ लावतो..." तो भिंतीलाच म्हणाला.

दिवे लागले तेव्हा खुर्ची रिकामी होती. काकूंच्या हातात कंगवा होता आणि त्याच्या दातांत एक लांब पांढरा केस.

रविवारी संध्याकाळी शेवटचा भाग लागला. नटी वळली, डोळे वटारले, दात दाखवले. हसूच यावं. काकू पट्टीची वाट बघत होत्या. चहावाला गेला, पडदेवाला गेला, नटीच्या कुत्र्याला सांभाळणारासुद्धा गेला. सगळ्यात शेवटी आलं: 'विशेष आभार, आमच्या निष्ठावान प्रेक्षक', आणि खाली खुद्द काकूंचं नाव.

अक्काचं नव्हतं.

"अगं, तुझं नाव..." नवरा म्हणाला आणि काकूंचा चेहरा बघून त्याने टीव्ही बंद केला. मेलेल्या बहिणीच्या जागी जिवंत बहिणीचं नाव लावून त्यांनी तोंडाला पानं पुसली होती.

फोन वाजला. निर्माता होता, अगदी दबक्या आवाजात.

"काकू... भाग संपला आणि आमच्या घरात... बायको, मुलं, सगळे उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिलेत. हाका मारतोय, हलत नाहीत... माझ्या मागे कुणीतरी केस विंचरतंय... मीही भिंतीशीच उभा आहे, मला वळवत नाही..."

"तुम्ही शब्द दिला होतात."

"चुकलं. उद्याच लावतो. उद्या पुन्हा दाखवणार आहोत, मोठ्या अक्षरांत लावतो... तिला सांगा ना!"

"मी कशाला सांगू? तुमच्या मागेच बसली आहे. नावाने हाक मारा आणि तुम्हीच सांगा."

पलीकडे कंगव्याचा आवाज थांबला. मग तो रडवेल्या स्वरात कुजबुजला,

"...काय नाव होतं हो तिचं?"

रिसीव्हर कानाला तसाच धरून काकू ऐकत राहिल्या. त्या मालिकेतला प्रत्येक आवाज त्यांना पाठ होता. आता पलीकडून येत होता तो मात्र इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही ऐकला नव्हता. लाकडी खुर्ची करकरत, सावकाश, पुढे वळत होती.