चौकटीतला आकडा

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्यावर हात ठेवायला सांगाल त्याच्यावर हात ठेवून सांगता येईल. ज्यांच्या बाबतीत घडली ते आमचे मामा अजून आहेत. त्यांच्या घरी जा. एकही दार लावलेलं दिसणार नाही.

भुताटकी म्हटलं की लोकांना रात्र लागते. इथे भर दुपार होती. बंदरामागचं कंटेनर यार्ड, आणि ऊन मी म्हणत होतं.

मामा तिथे चेकर. प्रत्येक कंटेनरवर आधी चार अक्षरं, मग सहा आकडे, आणि शेवटी चौकटीत एकटा आकडा. अक्षरांवरून मालक कळतो, आकड्यांवरून डबा. चौकटीतला आकडा म्हणजे पहारेकरी. तो आधीच्या सगळ्यांच्या हिशेबातून निघतो. एक आकडा चुकीचा वाचला, की हिशेब जुळत नाही आणि हातातलं मशीन नकार देतं. मग परत जायचं, दारावरचा नंबर वाचायचा. हा नियम.

त्या दुपारी वेल्डर एका डब्यात तळ दुरुस्त करत होता. सगळे त्याला वस्ताद म्हणत. तो डबा मामांनी मशीनवर अडवायचा होता, म्हणजे क्रेनने त्याला हात लावला नसता.

गंजामुळे मामांनी तीनचा आठ वाचला.

मशीनने नकार दिला.

एवढ्या उन्हात परत कोण जातो! मामा चौकटीतलाच आकडा बदलत गेले. हा नाही, तर तो... शेवटी मशीन हो म्हणालं.

अडवला गेला भलताच डबा.

यार्डाची एक रीत होती. दार लावण्याआधी पत्र्यावर रॉड दोनदा आपटायचा. आत कोणी असेल तर तो आतून दोनदा ठोकायचा. म्हणजे, थांब, मी आत आहे.

त्या दिवशीही रॉड आपटला गेला. पण वस्ताद जेवून, कानात बोळे घालून, आतल्या कोपऱ्यात आडवा झाला होता.

दार लागलं. क्रेनने वस्तादचा डबा उचलून जहाजावर चढवला.

संध्याकाळी मामांनी अडवलेला डबा पाहिला. तळ धडधाकट. म्हणजे वस्ताद दुसऱ्याच डब्यात होता. जहाज अजून धक्क्यालाच होतं. एक फोन पुरे होता.

मामांनी तो केला नाही. नोकरी जाईल, ही भीती. वस्ताद उठून घरी गेला असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

पलीकडच्या बंदरात दार उघडलं, तेव्हा वस्ताद आतच होता. दाराला टेकून.

चौकशी झाली. मशीन सांगत होतं, दुरुस्तीचा डबा दुसराच. साहेब म्हणाले, "चुकीच्या डब्यात जाऊन झोपला. त्याचा वेंधळेपणा त्याला नडला."

मामांनी मान डोलावली.

पुढच्या उन्हाळ्यात तोच डबा परत आला. मामांनी दार उघडून पाहिलं. रिकामा. दार लावण्याआधी सवयीने रॉड आपटला.

...

ठक. ठक.

आतून.

मामांनी पुन्हा उघडलं. कोणी नाही. फक्त जळलेल्या लोखंडाचा वास... ताजा.

कसाबसा त्यांनी नंबर मशीनवर टाकला. नकार. बाजूचा वाचला, दारावरचा वाचला, एकेका आकड्यावर बोट ठेवून भरला.

नकार.

"चष्मा बदला आता," सुपरवायझर हसला. त्याने तोच नंबर टाकला. मशीनने निमूट घेतला.

त्यानंतर मामांच्या हातून एकही नंबर जुळला नाही. खरा वाचला तरी नाही. शेवटी त्यांनी काम सोडलं.

मन खात होतं. एक दिवस मामा सगळं सांगून टाकायचं ठरवून वस्तादच्या बायकोकडे गेले.

तिने पाणी दिलं. खोलीत लोखंडी कपाट होतं, दार सताड उघडं.

"ते लावत नाही, भाऊ. लावलं की आतून ठोके येतात. दोन. मुलगी घाबरते." ती थांबली. "तुम्ही तर यार्डातले. ते म्हणायचे, तिथे ठोक्यांची काहीतरी रीत आहे. काय अर्थ असतो हो त्याचा?"

मामांनी पेला खाली ठेवला.

"मला नाही ठाऊक, वहिनी."

"लोक त्यांना वेंधळे म्हणतात. ते तसे नव्हते हो."

मामा उठले. चपला हातात घेऊनच बाहेर पडले.

तेव्हापासून मामा घरात दार लावू देत नाहीत. मामी म्हणायच्या, वयानं डोकं फिरलंय. त्यांना कधी काही ऐकू आलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मामी शेजारी निघाल्या आणि सवयीने दार ओढून घेतलं. दोन पावलं गेल्या असतील... लगेच मागे वळल्या.

"काय हो, काय हवंय? ठोकलंत कशाला?"

मामा खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसले होते.

"मी नाही ठोकलं."

"मग आत कोण आहे?"

मामांना नाव माहीत आहे.

ते त्यांनी मामींना अजून सांगितलेलं नाही.