मागे कोण बसलं होतं?

माझी होडी जागच्या जागी गोल फिरत होती, आणि धक्क्यावरचा माणूस मनापासून हसत होता.

"उलट्या बसा!" तो ओरडला.

"काय?"

"पुढच्या फळीवर जा आणि मागे तोंड करून बसा! एकटं माणूस मागच्या फळीवर बसलं की पुढचं टोक वर उठतं. मग वारा काय, खेळतोच त्याच्याशी!"

हे खरं तर माझं मलाच कळायला हवं होतं. वजन, तरफ, वारा... विज्ञानाच्या पदवीत आणखी असतं काय? पण पार्कातला माझा तो पहिलाच दिवस होता, पायांत दोरीची गुंडाळी अडकली होती आणि मांडीवर काळी-पांढरी थाळी होती. मी वाकत वाकत पुढे गेले आणि उलटी बसले. होडी शहाण्या मुलीसारखी सरळ चालू लागली.

त्याचं नाव एमेट केटोला. शाळा सुरू असताना तो गावातल्या मुलांना बँड शिकवायचा आणि उन्हाळ्यात पार्कात होड्या भाड्याने द्यायचा. मला, डेलिया पास्कोला, खात्याने तळ्याचं पाणी तपासायला पाठवलं होतं. थाळी दोरीने पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. जितकी खोल दिसेल, तितकं पाणी नितळ.

"दिवसभर हेच?" एमेटने एकदा धक्क्यावरून विचारलं.

"दिवसभर हेच."

"त्या थाळीकडे बघतेस तसं कुणी माझ्याकडे बघितलं ना... तर मी खुशीने बुडेन."

"आधी किती खोल दिसतोस ते मोजावं लागेल."

तो हसला आणि शीळ घालत निघून गेला. मी पुन्हा थाळी सोडली, पण ती कधी दिसेनाशी झाली ते माझ्या लक्षातच आलं नाही.

जुलैमध्ये एकदा आम्ही दोघं एकाच होडीतून गेलो... म्हणजे जायला निघालो. होडीत मागे बसणारा दिशा ठरवतो आणि पुढचा नुसता जोर लावतो. शिवाय पुढच्याला मागचा दिसतही नाही.

"मी पुढे बसणार नाही," मी म्हणाले. "पाठीमागे काय चाललंय ते दिसत नसलं की मला चैन पडत नाही."

"मी जन्मात पुढे बसलेलो नाही," एमेट म्हणाला.

"मग आज बस."

"तूच बस ना."

दोघंही हटलो नाही. शेवटी धक्क्यावर पाय सोडून बसलो आणि त्याच्या आईने दिलेली गरम पास्टी अर्धी अर्धी खाल्ली. कणकेच्या आवरणातून बटाट्याची वाफ निघत होती. हलकासा पाऊस आला, पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उमटली, आणि दोघांपैकी कुणीही आडोशाला गेलं नाही. ऑगस्टअखेर, उन्हाळा संपताना, पार्कात जोडीजोडीने होड्यांची शर्यत असते. तो मला विचारेल, अशी माझी त्या दिवशी खात्रीच झाली.

त्याने विचारलं नाही. आणि ऑगस्ट लागताच जोसी दिसू लागली.

जोसी लाव्हीन मुलांना रानात फिरवून बेडूक आणि चतुर दाखवायची. तिची वेणी लांब होती आणि हसणं त्याहून लांब. रोज संध्याकाळी, भाड्याच्या होड्या परत आल्या की, ती आणि एमेट एका होडीतून तळ्यात जात. मी काठावर बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत असे.

संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार होते आणि आवाज लांबवर ऐकू येतो. याला शास्त्रीय कारण आहे. ते मला तोंडपाठ होतं, पण त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. जोसीचं प्रत्येक हसू तळं ओलांडून थेट माझ्यापाशी येत होतं.

वाईट म्हणजे ती चांगली होती. एकदा तिने मला मूठभर रानातल्या ब्लूबेरी आणून दिल्या. "तुझा तो एमेट फारच हट्टी आहे बाई!" असं म्हणाली.

"माझा नाही," मी म्हणाले. ब्लूबेरी गोड होत्या. मला त्या आंबट निघायला हव्या होत्या.

एमेटशी बोलणं अवघड होऊन बसलं.

"जोसी चांगलं वल्हवते," मी एकदा म्हणाले.

"फारच छान! तिच्याकडून खूप शिकलो."

"हं."

"काय झालं गं?"

"मला कुठे काय झालंय? शेवाळ वाढलंय."

तो डोकं खाजवत उभा राहिला. "डेलिया, मला एक विचारायचं होतं... पण थांब. अजून नीट जमत नाहीये."

जमत नाहीये! जोसीशी जमवायचं आणि माझा सल्ला घ्यायचा, असंच ना? मी बाटल्यांची पेटी उचलून निघाले, आणि मागे वळून बघितलं नाही. म्हणजे... एकदाच बघितलं.

त्याच आठवड्यात खात्यातून फोन आला. दूरच्या एका पार्कात माणूस हवा होता. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं, आणि उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं. म्हणजे शर्यत बघायची वेळ येणार नव्हती, आणि एमेटचा निरोप घ्यायचीसुद्धा.

शुक्रवारी सकाळी मी फाटकावरच्या चौकीत गेले. पार्कात चालू फोन तेवढा तिथेच होता. तिथे व्हर्नामावशी बसायची. गाड्यांना पास द्यायचे, जळाऊ लाकडाच्या मोळ्या विकायच्या आणि सगळ्यांची खबर ठेवायची, ही तिची कामं.

"होकार कळवायचाय," मी म्हणाले. "सोमवारी जातेय मी."

"असं एकदम?" मावशीने चष्मा वर केला. "तळं रुसलं की एमेट?"

"त्याला जोसी आहे की. रोज संध्याकाळी एका होडीत असतात. मी डोळ्यांनी बघते, मावशी."

"डोळ्यांनी बघतेस? मग सांग, मागे कोण बसलं होतं?"

"म्हणजे?"

"अगं, होडीत. मागे कोण, पुढे कोण?"

मी डोळे मिटले. मावळतीचं ऊन, चमकणारं पाणी... मागे लांब वेणी. पुढे एमेट. खांदे आखडलेले, वल्हं भलत्याच वेळी पडतंय, पाणी उडतंय आणि जोसी हसतेय.

"मागे जोसी," मी हळूच म्हणाले. "पुढे... तो."

"आठ वर्षांचा होता तेव्हा त्याच्या बापाने पुढे बस म्हटलं, तर पोरगा पोहत घरी आला होता," मावशी म्हणाली. "तो आता पुढे बसायला शिकतोय. कुणासाठी शिकतोय ते मला विचारू नकोस. शिकलेली तू आहेस."

रोज बघत होते. रोज! आणि जे दिसत होतं ते एकदाही वाचलं नव्हतं. मी फोन उचलला आणि खात्याला नकार कळवला.

एमेट धक्क्यावर वल्ही पुसत होता.

"काय जमत नाहीये?" मी धापा टाकत विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. "ताल. पुढे बसून ताल पकडता येत नाही मला. बँडमास्तर आहे मी, कुणाला सांगू नकोस... म्हटलं, नीट यायला लागलं की तुला विचारू. शर्यतीला."

"आणि मी नाही म्हणाले असते तर?"

"तू हल्ली सगळ्यालाच नाही म्हणतेस," तो वल्ह्याकडे बघत म्हणाला. "फक्त त्या थाळीशी नीट बोलतेस. खरं सांगू? जळायचो मी तिच्यावर."

मला हसू आलं. मग डोळ्यांत पाणी आलं. मग पुन्हा हसू.

"मागे मी बसणार," मी म्हणाले.

"माहितीये."

शर्यतीच्या दिवशी सगळा गाव काठावर लोटला होता. व्हर्नामावशीने कर्णा तोंडाला लावून इशारा दिला आणि होड्या सुटल्या. जोसी तिच्या भावाबरोबर सगळ्यांच्या पुढे होती. एमेटचा ताल खरोखरच वाईट होता. तरीही मी होडी सरळ ठेवली आणि तळ्याच्या मध्यापर्यंत आम्ही तिसरे होतो.

तेवढ्यात त्याने वल्हं आत घेतलं.

"एमेट! हे काय? मार ना!"

"पुढे बसलं की एक अडचण आहे," तो म्हणाला. "तू दिसत नाहीस."

आणि होडी डुलवत, पाय उचलून, तो फळीवर उलटा बसला. माझ्याकडे तोंड करून, गुडघ्यांवर हात ठेवून. शेजारून एक होडी गेली, मग दुसरी.

"आपण हरतोय," मी म्हणाले.

"हो... डेलिया, थंडीत थांबशील?"

"तळं गोठेपर्यंत पाणी मोजायचंच आहे."

"आणि गोठल्यावर?"

"बर्फाची जाडी मोजायला कुणीतरी लागेलच ना."

तो जे म्हणाला ते फक्त मला ऐकू आलं. मी जे म्हणाले ते मात्र काठापर्यंत पोचलं असावं, कारण तिकडून टाळ्या आल्या.

पलीकडच्या काठाला लागलेली जोसी उठून उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, "अरे लबाडा! सगळा महिना माझ्या होडीत बसलास, आणि मला नुसती पाठ दाखवलीस होय!"

पाठ. सगळा महिना, नुसती पाठ.

मी वल्हं मांडीवर ठेवलं. होडी वाऱ्याबरोबर गोल फिरू लागली, आणि मी तिला फिरू दिलं.