चेहरा वहिनीचा

"हे तुम्ही नाही ताई… तुम्ही असूच शकत नाही!" धाकट्या जावेनं, दीप्तीनं, मोबाईल ओढणीत लपवला, पण तोवर चारुशीलेनं ती चित्रफीत पाहिली होती. अंग कुण्या परक्या बाईचं, निर्वस्त्र… आणि त्यावर चेहरा तिचा!

महापालिकेच्या मतदानाला आठ दिवस उरले होते. प्रताप नगरच्या बायकांनीच हट्टानं तिला उभं केलं होतं, आणि आता त्यांच्याच घराघरांत ती अशी पोचली होती! तिच्या प्रचाराचं पाहणारे भैय्याजी तर फोनवर हसले, "चूप बसा, वहिनी. नाव तं घरोघरी गेलं ना तुमचं!"

तिनं पुन्हा ती चित्रफीत पाहिली, आणि तो चेहरा कधीचा ते तिला ओळखू आलं. ते पाणावलेले डोळे, ते हसू… गेल्या वर्षी धाकट्या दिराला, ऋषिकेशला, त्याच्या लग्नात ओवाळताना ते तिच्या चेहऱ्यावर उमललं होतं. लग्नाचं ते चित्रण ऋषिकेशच्या लॅपटॉपवर होतं, दुसरीकडे कुठंच नव्हतं!

तिचा नवरा अनंत अपघातात गेला, तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. माहेरचे उमरेडहून न्यायला आले, दुसरं स्थळही त्यांनी पाहिलं होतं. पण नऊ वर्षांच्या या पोरक्या दिराला कुणाच्या भरवशावर सोडायचं, म्हणून ती राहिली, आणि ब्लाउज शिवून शिवून तिनं त्याला इंजिनियर केलं.

"ऋषी, माह्याकडे पाह्य. तूच केलं ना गा हे?"

त्याची मान वर होईना. "कंपनीनं पहिले नुसता चेहरा मागितला, वहिनी. कशासाठी, ते मले मागून कळलं…"

"अन् कळल्यावर?"

"…मीच पुरं केलं. नाही म्हटलं असतं तं नोकरी गेली असती. आमच्या ऑफिसात रोज हेच बनते, वहिनी! नट्यांचं, पुढाऱ्यांचं… लोक हेच पाहतात, हेच विकल्या जाते. मले वाटलं, दोन दिवसांत विसरतील."

"मी विसरू का रे?" तिचा आवाज फाटला. "कोणाची वाकडी नजर पडू नये म्हणून सारी जवानी मान खाली घालून काढली मी… अन् तूच मले चौकात उघडी केली!"

सहा महिन्यांची गरोदर दीप्ती तिच्या पायाशी कोसळली. "ताई, तक्रार नका करू… माझ्या बाळाचा बाप तुरुंगात जाईल!"

चारुशीलेनं तिला उठवून उराशी धरलं. आयुष्यभर या लेकरासाठी तिनं सारं गिळलं होतं. हेही गिळता आलं असतं… क्षणभर तिचं मन विरघळलंच!

"आज मी गिळलं, तर उद्या असंच उघडं अंग तुह्या चेहऱ्याले जोडतील वं," ती हुंदका दाबत म्हणाली, आणि पायांत चपला सरकवून बाहेर पडली.

पोलीस ठाण्याच्या दाराशी मागून पावलं वाजली. धापा टाकत ऋषिकेश आला, आणि तिच्यासोबत आत जाऊन त्यानं लॅपटॉप फौजदारबाईंच्या टेबलावर ठेवला. "यांच्या तक्रारीत पहिलं नाव माझं लिहा, मॅडम. काम देणाऱ्या मालकाचंही सांगतो…" आणि मग वहिनीकडे वळून तो लहान पोरासारखा ढसढसा रडू लागला.

"हे कोण तुमचे?" बाईंनी विचारलं.

चारुशीलेचा हात त्याच्या केसांवर गेला.

"लेकरू होय माहं," ती म्हणाली. "लिहा… नाव लिहा त्याचं."