माणिकप्पाची मान

पैज माझीच. पन्नाशी आली तरी खोडी काढल्याशिवाय मला करमत न्हाई.

शेजारच्या माणिकप्पाच्या कानात दोन महिने झाले शिट्टी वाजून राहिली होती. बारीक, एकसारखी, दिवसरात्र. झोप पार उडाली होती. डोळे लालभडक. "सुदर्शन, असंच चाललं तर मी टिकत न्हाई रे," म्हणला एकदा. नांदेडच्या डॉक्टरनं मशीन लावून सांगितलं, कान ठणठणीत हाय. मग इथं लातुरात औसा रोडला फिजिओथेरपीवाल्या वर्षाराणी मॅडम म्हणल्या, शिट्टी मानेतून येतीय. तीस वर्षं अडतीवर खांद्यात फोन दाबून तुरीचे भाव सांगितले, मान आखडली.

"मान दाबून कान बरा होतो व्हय? झाला तर भर गोलाईत, सगळ्या बाजारासमोर अर्धी मिशी काढतो!" मी म्हणलो.

"न्हाई झाला तर माझी," माणिकप्पा म्हणला.

"भावजी, मिशी गेल्यावर तुमच्याकडं ऱ्हातंय तरी काय?" त्याची बायको, शिवकांतावहिनी, आतून बोलल्या.

मॅडमच्या इलाजाच्या शेवटच्या दिवशी मीबी संग गेलो. मोबाईलवर हुबेहूब तसलीच शिट्टी शोधून ठेवली होती. माणिकप्पा उताणा झोपला की मोबाईल हळूच पलंगाखाली सारला. त्याला वाटणार, कान हाय तसाच.

मॅडमनी त्याचं डोकं दोन्ही हातांत घेतलं. कवटीखाली बोटं रोवली. खोलीत मलमाचा वास कोंडला होता.

"काय वाजून राहिलंय?" त्यांनी विचारलं.

"बाहेर असंल." मी हसू दाबलं.

त्यांनी मान उजवीकडं वळवली. शिट्टी बारीक झाली. डावीकडं वळवली. वाढली. मला वाटलं, मोबाईलच बिघडला. पुन्हा उजवीकडं, पार खांद्यापर्यंत.

बंद.

"थांबली बघा," मॅडम म्हणल्या.

माणिकप्पाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "थांबली. दोन्ही थांबल्या."

मी वाकून मोबाईल काढला. आवाज फुल्ल होता. पडद्यावर रेघ पुढं सरकत होती. कानाला लावला. कायबी न्हाई.

मॅडमनी मान सरळ केली. मोबाईल माझ्या हातात किंचाळला. मी घाईनं बंद केला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. हसल्या न्हाईत.

"माझी न्हाई आली परत," माणिकप्पा उठत म्हणला. "चल, मिशी."

"मान रोज दहादा फिरवायची. सावकाश," मॅडमनी मागून सांगितलं.

गोलाईत भागवत न्हाव्यानं खुर्ची रस्त्यावरच मांडली. गर्दी जमली. वहिनी भाजीची पिशवी घेऊन पोचल्या. माणिकप्पा माझ्यासमोर स्टुलावर बसला. ऑटोवाले मुद्दाम हॉर्न मारत होते. भागवतनं फेस लावला.

माणिकप्पा मान फिरवून राहिला होता. उजवीकडं. हॉर्न दबले. डावीकडं. परत आले.

भागवतचा हात थांबला. "कान बसल्यासारखे झाले का हो?"

"माणिकप्पा, मान सरळ ठेव!" मी ओरडलो. फेस तोंडात गेला.

"लई बरं वाटतंय रे." त्याच्या पापण्या मिटत होत्या.

मान उजव्या खांद्यावर कलली. तिथंच ऱ्हायली.

हॉर्न गेले. हसणं गेलं. ऑटो चालू होते, तोंडं उघडी होती.

भागवतनं वस्तरा फिरवला. ओठाला गार लागलं. खरखर आली न्हाई. अर्धी मिशी मांडीवर पडली.

कुणी बघितलं न्हाई.

वहिनींनी पिशवी टाकून नवऱ्याचे खांदे धरले. गदागदा हलवलं. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, तोंड हलत होतं. तो लहान पोरासारखा गाढ झोपला होता.

त्यांच्यामागं दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा कानातलं मशीन काढून तळहातावर आपटत होता.